फिशिंगला बळी पडल्यानंतर खाते परत कसे मिळवावे

‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्यामुळे आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल’ असा संदेश, वाहतूक दंडाच्या ई-चलनाची फाईल, ओळखीच्या नंबरवरून आलेली लग्नपत्रिका किंवा ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल परत जात आहे’ अशी टपाल खात्याच्या नावाने आलेली सूचना, यांपैकी कोणत्याही वाटेने फिशिंग, म्हणजे खोट्या संदेशाने पासवर्ड, ओटीपी किंवा फोनचा ताबा काढून घेणारी फसवणूक, झाली असली तरी त्यानंतर करायच्या गोष्टी बऱ्याच अंशी सारख्या असतात. चूक होते ती बहुधा क्रमात. घाबरलेला माणूस सर्वप्रथम पासवर्ड बदलतो, तोही ज्या फोनवर फसवणूक झाली त्याच फोनवरून, आणि पासवर्ड बदलला गेला की संकट टळले असे समजून स्वस्थ बसतो. प्रत्यक्षात भामट्याने तोवर मेलच्या सेटिंगमध्ये स्वतःसाठी एखादी वाट करून ठेवलेली असते आणि पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी ती वाट उघडीच राहते. म्हणून आधी पैसे, मग फोन आणि सिम, मग मेल आणि त्यानंतर बाकीची खाती, हा क्रम शक्यतो मोडू नये.

सुरुवातीला एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी नीट द्यावे: आपल्या हातून नेमके काय गेले? खोट्या पानावर पासवर्ड भरला, फोनवर किंवा चॅटमध्ये ओटीपी सांगितला, की एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) अथवा स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे ॲप फोनमध्ये बसवले? पहिल्या दोन प्रकारांत खाते धोक्यात असते, परंतु फोन बहुधा ठीक असतो. तिसऱ्या प्रकारात फोनच परक्याच्या ताब्यात गेल्यासारखा असतो आणि त्यावर टाइप केलेला नवा पासवर्डही भामट्याला दिसू शकतो. लिंक केवळ उघडली आणि काहीही न भरता बंद केली, तर बहुतेक वेळा पुढचे काही करावे लागत नाही. नकळत एखादी फाईल डाऊनलोड झाली नाही ना, एवढे तपासावे.

पैसे गेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल तर

बँकेचा तपशील, कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआय पिन यांपैकी काहीही बाहेर गेले असेल, तर मेलच्या मागे न लागता आधी बँकेला फोन करावा. क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूचा किंवा पासबुकावरचा घ्यावा; इंटरनेटवर शोधून घेऊ नये, कारण ‘कस्टमर केअर’ असे शोधल्यावर दिसणाऱ्या क्रमांकांत भामट्यांचेही क्रमांक असतात आणि एकदा फसलेला माणूस त्याच दिवशी दुसऱ्यांदा फसण्याचे हे नेहमीचे ठिकाण आहे. कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तात्पुरते बंद करून घ्यावेत व तक्रारीचा क्रमांक मागून लिहून ठेवावा.

या क्रमांकाचे मोल समजून घेण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिपत्रकाने जी चौकट घालून दिली, तिच्यात ग्राहकाने स्वतःच ओटीपी वा पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाच्या माथी येते, परंतु कळवल्यानंतर जे व्यवहार होतील त्यांची जबाबदारी बँकेची ठरते. दोष ग्राहकाचाही नसेल आणि बँकेचाही नसेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही. थोडक्यात, बँकेला किती वाजता कळवले हे पुढे पुराव्याइतके महत्त्वाचे ठरते. ‘उद्या शाखेत जाऊन साहेबांना भेटतो’ हा विचार अशा वेळी महागात पडतो, विशेषतः नागरी सहकारी बँकेत खाते असणाऱ्यांना, ज्यांची सवयच शाखेत जाण्याची असते.

बँकेनंतर लगेच १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लावावा. तो लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर आर्थिक फसवणुकीची तक्रार नोंदवावी. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यातून पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवावा. ही तक्रार पैसे ज्या बँकांमधून पुढे सरकत असतात त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि रक्कम काढली गेली नसेल तर ती मध्येच गोठवता येते. भामटे एका खात्यातले पैसे लगोलग चार खात्यांत वळवत असल्याने इथे मिनिटांना किंमत आहे.

फोन आणि सिम

एपीके फाईल बसवली असेल तर फोन ताबडतोब विमान मोडवर टाकावा. घरात वायफाय असेल तर तेही बंद आहे याची खात्री करावी. त्यानंतर सेटिंगमधील ॲपच्या यादीतून ते ॲप काढून टाकावे. ते काढता येत नसेल तर त्याने स्वतःला ‘डिव्हाइस ॲडमिन’ (फोनचा व्यवस्थापक) म्हणून नेमून घेतलेले असते किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (पडद्यावरचे वाचण्याची व आपल्या वतीने बटणे दाबण्याची) परवानगी मिळवलेली असते, आधी ती परवानगी बंद करावी लागते. एसएमएस वाचण्याची परवानगी कोणकोणत्या ॲपना आहे तेही पाहावे, कारण ई-चलनाच्या नावाने येणाऱ्या बहुतेक फाईलींचा उद्देश ओटीपीचे संदेश परस्पर वाचणे हाच असतो. मनात शंका उरत असेल तर छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे त्यातले सगळे पुसून तो नव्यासारखा करावा. तोवर पासवर्ड बदलण्याचे काम घरातल्या दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा संगणकावरून करावे.

मात्र रीसेट करण्यापूर्वी पुरावे जपावेत. आलेला संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक, लिंकचा पूर्ण पत्ता आणि व्यवहारांचे संदेश यांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने काढून ठेवावीत. लाजेपोटी संदेश पुसून टाकणारे लोक पुष्कळ असतात आणि तपास अधिकाऱ्यापुढे नेमका तोच संदेश हवा असतो.

सिमकडे सहसा कोणी बघत नाही. कुरिअरवाल्याच्या किंवा मोबाइल कंपनीच्या नावाने फोन करून ‘स्टार’ने सुरू होणारा एखादा कोड लावायला सांगितला गेला असेल, तर आपले कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवले गेलेले असू शकतात आणि कॉलवरून मिळणारे ओटीपी तिकडे जाऊ शकतात. फोनच्या डायलवर हॅश हॅश ००२ हॅश लावल्यास सर्व कॉल फॉरवर्डिंग रद्द होते. फोनची रेंज अचानक गेली असून परत येत नसेल, तर आपल्या नावाचे दुसरे सिम कोणी काढले आहे काय, हे मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन त्याच दिवशी विचारावे. क्रमांक आपल्या हातात नसेल तर पुढचे कोणतेही खाते परत मिळवणे जवळपास अशक्य होऊन बसते.

मेल: सगळ्या किल्ल्या इथे असतात

समाजमाध्यमे, खरेदीची संकेतस्थळे, आयकर, विमा, म्युच्युअल फंड या सर्वांचे ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबले की पत्र येते ते मेलवर. म्हणून इन्स्टाग्राम गेले असले तरी आधी मेल तपासावा. आपल्याकडे बहुसंख्यांचा मेल जीमेलवर असल्याने इथे गूगल खात्याचीच रीत सविस्तर सांगतो. इतर कंपन्यांची तपशिलात वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे.

खात्यात अजून शिरता येत असेल तर पासवर्ड लगेच बदलावा आणि मग पुढे दिलेली सफाई करावी. शिरता येत नसेल तर ब्राउझरमध्ये जी डॉट सीओ स्लॅश रिकव्हर हा पत्ता स्वतः टाइप करून खाते परत मिळवण्याचे पान उघडावे. इथे माणूस बसलेला नसतो. समोरचा खरोखर खातेदार आहे काय, याचा अंदाज यंत्रणा अनेक खुणांवरून बांधते. यांतील सर्वांत बोलकी खूण म्हणजे आपण नेहमी वापरतो तो फोन किंवा संगणक, तोच ब्राउझर आणि तीच जागा. वडील सांगलीत राहतात आणि त्यांचे खाते बंगळुरूचा मुलगा आपल्या लॅपटॉपवरून सोडवू पाहतो, तेव्हा यंत्रणेच्या दृष्टीने तोही एक अनोळखी घुसखोरच असतो. त्याने फोनवरून सूचना द्याव्यात, पण बोटे वडिलांची, यंत्र वडिलांचे आणि वायफाय घरचे असावे. फसवणुकीत बिघडलेला फोनच नेहमीचा असेल, तर तो रीसेट करून घरच्याच वायफायवरून प्रयत्न करावा, किंवा घरातल्या ज्या संगणकावर पूर्वी हे खाते उघडलेले होते तो वापरावा.

विचारलेले प्रश्न टाळू नयेत. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला तर नक्की खात्री नसली तरी जवळात जवळचा लिहावा. जुना असला तरी तो उपयोगी पडतो. भामट्याने रिकव्हरीचा, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी नोंदवून ठेवलेला, फोन किंवा मेल बदलला असेल तरी निराश होऊ नये, कारण बदलानंतर सात दिवसांपर्यंत गूगल पूर्वीच्या रिकव्हरी क्रमांकावर वा मेलवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते. आठवडा उलटू द्यायचा नाही, हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे गणित आहे. काही वेळा यंत्रणा उत्तरे घेऊन काही तास किंवा काही दिवस थांबायला सांगते. त्या काळात अधीर होऊन वेगवेगळ्या फोनवरून सारखे प्रयत्न करू नयेत.

‘खाते परत मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या कोणालाही या टप्प्यावर जवळ करू नये. समाजमाध्यमावर ‘माझे खाते हॅक झाले’ असे लिहिताच खाली दहा जण एखाद्या ‘तज्ज्ञा’चे नाव सुचवतात, ती खातीही बहुधा त्याच धंद्यातली असतात. पासवर्ड किंवा खाते सोडवून देण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही सेवेबरोबर आपण काम करत नाही, असे गूगलने स्पष्ट केलेले आहे. खाते परत मिळवण्यासाठी पैसे लागत नाहीत, हे घरातल्या ज्येष्ठांना दोनदा सांगावे.

खाते हातात आल्यावर खरे काम सुरू होते. आधी सुरक्षा विभागातील उपकरणांची यादी उघडून अनोळखी उपकरणे ‘साइन आउट’ करावीत. हल्लीची खोटी पाने आपण भरलेला पासवर्ड आणि ओटीपी त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर भरून आत शिरतात आणि उघडलेले सत्र चालू ठेवतात, त्यामुळे ‘ओटीपी तर संपून गेला’ या समाधानाला अर्थ नसतो. त्यानंतर रिकव्हरीचा फोन आणि मेल आपलाच आहे काय, टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या तपासणीत) परका क्रमांक, परकी पासकी (बोटाच्या ठशाने वा फोनच्या कुलपाने खात्यात शिरण्याची किल्ली) किंवा परके ऑथेंटिकेटर ॲप (सतत बदलणारा कोड दाखवणारे ॲप) जोडलेले आहे काय, ‘ॲप पासवर्ड’ (इतर ॲपना खात्यात शिरू देणारे वेगळे पासवर्ड) या सदराखाली आपण न बनवलेले काही आहे काय, आणि खात्यात शिरण्याची परवानगी मिळालेली बाहेरची ॲप कोणती, हे एकेक पाहून नको ते काढून टाकावे.

मग जीमेल संगणकावर उघडावे, कारण पुढच्या गोष्टी मोबाइलच्या ॲपमध्ये धड दिसत नाहीत. उजवीकडच्या चाकावर क्लिक करून ‘सी ऑल सेटिंग्ज’मध्ये जावे आणि ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ हे पान पाहावे. तिथे ‘बँक’, ‘पासवर्ड’, ‘सिक्युरिटी’ असे शब्द असलेले पत्र आले की ते इनबॉक्समध्ये न आणता थेट पुसावे किंवा दुसऱ्या पत्त्यावर पाठवावे, असा नियम बसवलेला आढळू शकतो. खातेदाराला वाटते की आता काहीच घडत नाही. प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टींची पत्रे त्याला दिसत नसतात. शेजारच्या ‘फॉरवर्डिंग अँड पीओपी, आयमॅप’ या पानावर परका पत्ता नाही ना, ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’ या पानावर आपल्या वतीने पत्र पाठवण्याची किंवा आपले खाते उघडण्याची मुभा कोणाला दिलेली नाही ना, तेही पाहावे. ‘सेंट’ आणि ‘ट्रॅश’ हे दोन्ही कप्पे चाळावेत: पहिल्यात आपल्या नावाने कोणाला काय गेले ते कळते, दुसऱ्यात पुसलेली पत्रे तीस दिवस राहतात. ‘पासवर्ड बदलण्यासाठी’ अशी न मागितलेली पत्रे तिथे सापडली, तर भामटा पुढे कुठे गेला त्याची यादीच आपल्या हाती येते. ती कागदावर उतरवून घ्यावी.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड याच गूगल खात्यात असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मेल गेला तर ते सगळे गेले असे समजून बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी, खरेदी आणि समाजमाध्यमे या क्रमाने ते बदलावेत. गूगल फोटोजमध्ये आधार, पॅन किंवा धनादेशाची छायाचित्रे ठेवलेली असतील, तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावाने किती मोबाइल जोडण्या आहेत ते तपासून अनोळखी जोडणी तिथेच कळवावी.

शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन नव्याने सुरू करावे. जमल्यास एसएमएसपेक्षा पासकी किंवा ऑथेंटिकेटर ॲप वापरावे. फोन हाताशी नसताना खात्यात शिरण्यासाठी गूगल दहा बॅकअप कोड देते. ते छापून घरातल्या कपाटात, कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवावेत, फोनच्या गॅलरीत नव्हे.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम

‘काकू, चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्या नंबरवर आला आहे, जरा पाठवता का?’ हा संदेश पुतण्याच्या नंबरवरून येतो, कारण पुतण्याचे व्हॉट्सॲप आधीच गेलेले असते. कोड पाठवताच काकूंचेही जाते आणि थोड्याच वेळात त्यांच्या नावाने सोसायटीच्या गटावर पैसे मागितले जातात. उपाय सोपा आहे: ॲपमध्ये आपला क्रमांक पुन्हा नोंदवावा आणि आलेला सहा आकडी कोड भरावा, तसे करताच भामटा बाहेर फेकला जातो. भामट्याने टू-स्टेपचा पिन लावून ठेवला असेल तर तो पिन मागितला जातो आणि सात दिवस वाट पाहावी लागते, परंतु त्या काळात त्यालाही खाते वापरता येत नाही. आत गेल्यावर ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधील अनोळखी उपकरणे काढावीत आणि आपला स्वतःचा पिन लावावा. खाते हातात नसतानाच नातेवाइकांना साधा फोन करून ‘माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका’ असे कळवावे. गटाच्या प्रशासकाला सांगून आपला क्रमांक गटातून तात्पुरता काढून घेतला तर आणखी चांगले.

इन्स्टाग्रामवर खात्याचा मेल बदलला गेला की जुन्या पत्त्यावर सिक्युरिटी ॲट मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम या पत्त्यावरून पत्र येते आणि त्यातील दुव्याने तो बदल उलटवता येतो. मात्र याच पत्राची हुबेहूब नक्कल करूनही फसवले जाते, म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा. असे पत्र मिळाले नाही तर इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हे पान उघडावे. खात्यावर स्वतःची छायाचित्रे असतील तर चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ मागून ओळख पटवली जाते. दुकानाचे किंवा व्यवसायाचे खाते असेल आणि त्यावर फक्त मालाची छायाचित्रे असतील, तर ही सोय चालत नाही. फेसबुकसाठी फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हे पान आहे.

पोलीस आणि अपील

पैसे गेले नसले तरी खाते हिरावले जाणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख अप्रामाणिकपणे वापरणे आणि कलम ६६ ड प्रमाणे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे, या दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याला घ्यावी लागते, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. तक्रारीची पोच घ्यावी. आपल्या खात्यावरून तिसऱ्याच कोणाला फसवले गेले, तर खाते त्या वेळी आपल्या हातात नव्हते हे दाखवायला पहिल्यांदा तीच लागते.

कंपनीच्या ठरावीक पानांवरून दाद लागली नाही, तर तिच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याचा निर्णय मान्य नसेल तर केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. ही वाट फारच थोड्यांना ठाऊक आहे. खातेच परत न मिळाल्याच्या प्रकरणात तीस दिवसांची मुदत हातची जाऊ नये, म्हणून अधिकाऱ्याचे उत्तर ज्या दिवशी आले ती तारीख लिहून ठेवावी.

खाते परत आलेच नाही तर

जुने, क्रमांक न जोडलेले खाते काही वेळा परत मिळत नाही. अशा वेळी नवा मेल उघडून जिथे जिथे जुना पत्ता दिलेला होता तिथे तो बदलणे हेच काम उरते आणि ते मोबाइल क्रमांक हातात असल्यास अवघड नाही. बँकेत शाखेत अर्ज द्यावा. आयकर संकेतस्थळाचा पासवर्ड आधारशी जोडलेल्या मोबाइलच्या ओटीपीने नव्याने लावता येतो आणि मग तिथला मेल बदलता येतो. विमा व म्युच्युअल फंडांसाठी संपर्क तपशील बदलण्याचा अर्ज असतो. सोसायटी, शाळा आणि ग्राहक यांना नवा पत्ता कळवताना जुन्या पत्त्यावरून आलेले पत्र यापुढे आपले समजू नये, असे स्पष्ट लिहावे. जुन्या मेलच्या भरवशावर चालणारी समाजमाध्यमांची खाती शक्यतो त्याच आठवड्यात नव्या पत्त्यावर हलवावीत.